फोन प्रोजेक्टरला जोडायची केबल : तीन घेतल्या, एक चालली

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू केबलचा आहे पण वाचून झाल्यावर तुम्ही केबल सोडून स्वतःच्या फोनकडेच संशयाने बघणार, माझं तसंच झालं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या दोन आठवड्यांत मी फोन प्रोजेक्टरला लावायच्या एका कामासाठी तीन वस्तू आणि वर एक लांब वायर विकत घेतली, सगळे मिळून सव्वातीन हजार गेले, आणि त्यातल्या पहिल्या दोन घ्यायची काही एक गरज नव्हती. ब्रँडची नावं देत नाही. एकच माल दहा नावांनी विकतात, डब्यावरचं नाव सोडलं तर आत तेच असतं, आणि उद्या तुम्ही ते नाव शोधायला गेलात तर मिळेल याचीही खात्री नाही. प्रकार सांगतो, तो ओळखता आला की पुरे.

तर झालं असं. आम्ही राहतो गोव्यात म्हापशाला, मूळ घर सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. चवथीला सगळं खानदान तिथे. आणि गेल्या जत्रेला गावच्या मंडळींनी मराठी नाटक केलं होतं (गोव्यात जत्रा म्हटली की नाटक हे काय वेगळं सांगायला नको), ऐतिहासिक, आणि त्यात आमचे काका सरदार. वय एकाहत्तर. दीड मिनिटाची एन्ट्री. तलवार उपसायची आणि दोन वाक्यं बोलायची, पण तलवार म्यानातून बाहेरच येईना, तेव्हा काकांनी म्यानासकट तलवार वर धरून डायलॉग मारला आणि टाळ्या घेतल्या. वहिनीने अख्खा प्रयोग स्टँडवर फोन लावून शूट केलेला, मग तो मी माझ्या फोनवर घेतला, मधले पडदा पडून राहिलेले वेळ कापले, दोन तासांचं केलं, आणि ग्रुपवर मोठ्या ऐटीत टाकलं की चवथीला रात्री आरतीनंतर घरच्या सालात (हॉलमध्ये) मोठ्या पडद्यावर दाखवणार. प्रोजेक्टर चुलतभावाच्या फोंड्याच्या ट्यूशन क्लासमधला, जुना पण बरा. म्हटलं केबल काय, पाचशे रुपयांची गोष्ट.

लॅपटॉप का नाही लावला असं विचारणारे खूप भेटले, त्यांना एकदाच सांगतो, क्लासचा लॅपटॉप भाऊ सुट्टीत घेऊन मुंबईला गेला होता आणि माझा ऑफिसचा, त्यात पेनड्राइव्ह चालत नाही आणि बाहेरची फाइल उघडली की आयटीवाल्यांचा मेल येतो. पेनड्राइव्ह सरळ प्रोजेक्टरमध्ये? प्रोजेक्टरच्या मागे यूएसबी आहे, पण तो प्रिंटरला असतो तसला चौकोनी, त्यातून पिक्चर दिसत नाही.

पहिली केबल. ऑनलाइन, ५४९ रुपये, एका टोकाला टाईप सी, दुसऱ्या टोकाला एचडीएमआय, लांबी १.८ मीटर, वर नायलॉनची विणलेली जाळी, दिसायला एकदम भारी. वर्णनात लिहिलेलं, सर्व टाईप सी फोनना चालते, प्लग अँड प्ले. आली, लावली, प्रोजेक्टरवर निळा पडदा आणि मध्ये नो सिग्नल. रिमोटचं सोर्स बटण दाबत बसलो, कॉम्प्युटर, एस-व्हिडिओ, व्हिडिओ, एचडीएमआय, परत कॉम्प्युटर. एचडीएमआयवर ठेवून केबल काढली-घातली, उलटी करून घातली, फोन रिस्टार्ट केला. फोनला काही म्हणजे काही कळलं नाही की आपल्याला कोणीतरी काहीतरी जोडलंय. मी पहिला दोष प्रोजेक्टरला दिला, भावाला फोन करून तुझा डबा बिघडलाय असं पण सांगून टाकलं, तो म्हणाला परवाच मुलांना त्याच्यावर शिकवलंय.

विक्रेत्याकडे तक्रार केली तर त्यांनी बदलून दिली, म्हणजे तशीच दुसरी पाठवली. ती पण तशीच. मग पैसे परत मागितले तर म्हणाले प्रॉडक्ट चालू स्थितीत आहे. आणि गंमत म्हणजे ते खरं बोलत होते! केबल चालूच होती, वर्णनातलं ते सर्व फोन एवढं मात्र थापेबाज.

आता इथे जरा थांबतो कारण हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर साडेचौदाशे वाचले असते. टाईप सी हे फक्त भोकाच्या आकाराचं नाव आहे. त्या भोकात २४ पिना असतात, पण फोन बनवणारी कंपनी त्यातल्या किती आतून जोडते हे तिच्यावर. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या बहुतेक फोनमध्ये यूएसबी २.० एवढंच जोडलेलं असतं, चार्जिंग होतं आणि डेटा जातो, संपलं. पिक्चर बाहेर जायचा तर त्या भोकातल्या हाय-स्पीड जोड्या लागतात, त्यांच्यावरून डिस्प्लेपोर्टचा, म्हणजे चित्र पाठवायच्या एका पद्धतीचा, सिग्नल पाठवतात. याला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात, २०१४ मध्ये आलेली गोष्ट आहे, नवीन काही नाही. केबलच्या एचडीएमआयच्या टोकात एक बारीक चिप असते, ती त्या डिस्प्लेपोर्टचं एचडीएमआय करते. म्हणजे केबलचं काम फक्त भाषांतराचं, फोन मुळात बोललाच नाही तर ती बिचारी काय भाषांतर करणार. म्हापसा स्टँडवर बस उभी आहे म्हणून ती वाळपईलाच जाते असं नसतं ना, पाटी बघायला लागते. आणि फोनच्या भोकावर पाटी नसते हीच तर पंचाईत, लॅपटॉपवर निदान कधीकधी बाजूला छोटा डी-पीचा लोगो छापलेला असतो, फोनवर काही नाही.

माझा फोन सतरा हजारांचा, दोन वर्षं जुना. स्पेसिफिकेशनमध्ये जाऊन बघितलं, यूएसबी टाईप सी २.० असं स्पष्ट लिहिलेलं. हे असं दिसलं की जवळजवळ समजूनच जा. ३.१ किंवा ३.२ लिहिलेलं असलं तरी नाचू नका, कारण त्यात पण व्हिडिओ असेलच असं नाही, डिस्प्लेपोर्ट हा शब्द दिसला पाहिजे. सॅमसंगमध्ये एस सिरीजला २०१७ च्या एस ८ पासून आहे, ए सिरीजच्या साध्या फोनना सहसा नाही. पिक्सेलमध्ये ८ च्या आधीच्या फोनना नव्हतं, ८ ला पण २०२४ मध्ये अपडेट आल्यावर चालू झालं, म्हणजे हार्डवेअर आत होतं पण कुलूप लावलेलं. आयफोन २०२३ मध्ये १५ पासून टाईप सी झाला आणि त्यातून पिक्चर जातो, त्याच्या आधीच्या लाइटनिंगवाल्यांना वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो.

आणि ते एमएचएल. दुकानात, ऑनलाइन, सगळीकडे या असल्या कुठल्याही केबलला एमएचएल केबल म्हणतात, त्याचा अर्थ धरून बसू नका. एमएचएल ही फोन टीव्हीला जोडायची जुनी भानगड, २०१० मधली, मायक्रो यूएसबीच्या काळातली. माझ्याकडे कॉलेजात असताना गॅलॅक्सी एस २ होता, सेकंडहँड, त्याला खरं एमएचएल होतं आणि हॉस्टेलच्या टीव्हीवर आम्ही ते लावायचो, म्हणूनच बहुतेक माझ्या डोक्यात बसलेलं की फोन टीव्हीला लागतोच, त्यात काय. सॅमसंगने २०१५ च्या एस ६ पासून ते काढून टाकलं. वस्तू गेली, नाव तेवढं बाजारात राहिलं, झेरॉक्ससारखं.

दुसरी वस्तू. इथे मी स्वतःला हुशार समजलो. शोधता शोधता कळलं की ज्या फोनमध्ये व्हिडिओ नाही त्यांच्यासाठी पण एक केबल मिळते, ८९९ रुपये, तिला तीन टोकं, एक फोनला, एक एचडीएमआय प्रोजेक्टरला आणि एक यूएसबी चार्जरला कारण तिला स्वतःला करंट लागतो. हिच्या आत लहानसा कॉम्प्युटरच असतो म्हणा, फोनवर जे दिसतंय त्याचा व्हिडिओ दाबून छोटा करून डेटा म्हणून तो इकडे येतो आणि डबीत उलगडून एचडीएमआयने बाहेर जातो. त्यामुळे ऑल्ट मोड नसला तरी चालतं. चालतं म्हणजे, ऐका आता.

लावल्या लावल्या प्रोजेक्टरवर एक चित्र आलं, त्यात क्यूआर कोड. माझा आनंद बघायला हवा होता, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा निळ्या सोडून काहीतरी दिसलं. क्यूआर स्कॅन करून अ‍ॅप टाकायचं. अ‍ॅप प्ले स्टोअरवर नाही, बाहेरून डाउनलोड. त्याला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी, फाइल्सची परवानगी, लोकेशनची परवानगी, लोकेशन कशाला रे बाबा, मी घरातच आहे. मग म्हणे डेव्हलपर ऑप्शन उघडा, बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, यूएसबी डिबगिंग चालू करा. केलं. फोनवर असलेलं सगळं पडद्यावर दिसायला लागलं. आणि त्याच संध्याकाळी बाजारात जाऊन माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती) सामान घेतलं, पैसे द्यायला बँकेचं अ‍ॅप उघडलं तर ते म्हणतंय डेव्हलपर मोड चालू आहे, आम्ही चालणार नाही. मागे लाइन, हातात सुपारीचा कात्रा, आंबाडे, तोरिंजन, आणि मी सेटिंगमध्ये शोधतोय की ते बंद कुठून करायचं. विकणारी बाय म्हणाली दी रे उपरांत, दर चवथीक येता मरे तूं (नंतर दे रे, दर चवथीला येतोस ना तू). पण लाज वाटायची ती वाटलीच.

बरं, पिक्चर कसा दिसतो? फोटो असतील तर ठीक. व्हिडिओला आवाज आणि ओठ यांची फारकत, अर्धा सेकंद तरी मागे-पुढे, आणि स्टेजवर चार माणसं एकदम हलली की चौकोन चौकोन फुटतात. नाटकात तलवारबाजी आहे, तिथे नुसते ठोकळे. ओटीटी लावून बघितलं, भाच्याला मॅच बघायची होती, तर कॉमेंट्री व्यवस्थित ऐकू येतेय आणि पडदा काळा ठिक्कर. भाचा म्हणतो मामा रेडिओ लावलास काय. हा केबलचा बिघाड नाही हे पण लिहून ठेवतो, नाहीतर लोक परत करत बसतील. पैसे भरून बघायच्या अ‍ॅपमध्ये कॉपी होऊ नये म्हणून कुलूप असतं, स्क्रीन रेकॉर्ड होतेय असं वाटलं की ती काळी करतात, आणि ही केबल रेकॉर्ड करूनच तर पाठवते. वायरने सरळ एचडीएमआय गेलं तर तिथे एचडीसीपी नावाची तपासणी असते, दोन्ही बाजूंनी ओळख पटली तर चित्र येतं. म्हणून जुन्या व्हीजीएवाल्या प्रोजेक्टरला एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर लावून असलं काही बघायचं मनात असेल तर सोडून द्या, व्हीजीएमध्ये ती ओळखपाळखच नाही.

अ‍ॅप काढून टाकलं, फोन अर्धा तास धुऊन काढल्यासारखा साफ केला. ती डबी आता कपाटात. दहापैकी तीन, ते पण क्यूआर कोड दिसला त्या क्षणाच्या आनंदाचे.

आता तिसरी, आणि इथे दुकानाचं पण सांगायला हवं. म्हापशाच्या बाजारात एक छोटं मोबाइल-इलेक्ट्रॉनिकचं दुकान, शुक्रवारी तिकडे पाय ठेवायला जागा नसते म्हणून मी मंगळवारी गेलो. म्हटलं टाईप सी टू एचडीएमआय चांगली दाखवा, पैशाचं बघू नका. काउंटरवरच्या माणसाने केबल काढली नाही, रेट सांगितला नाही, पहिला प्रश्न, फोन खंयचो? दाखवला. त्याने हातात पण घेतला नाही, नुसतं लांबून बघून, ह्या फोनार जावचें ना (या फोनवर होणार नाही). मी म्हटलं ऑनलाइन तर लिहिलंय सगळ्यांवर चालते. तो हसला, तांकां विकपाचें आसा, म्हाका तूं परत येवपाचो आसा (त्यांना विकायचंय, मला तू परत यायला हवायस). एका वाक्यात माझे दोन आठवडे. म्हणाला घरात आणखी कुणाचा मोठा फोन आहे का. वहिनीचा सॅमसंग एस सिरीजचा, ज्यावर नाटक शूट केलं तोच! म्हणजे फाइल मुळात ज्या फोनवर होती त्याच फोनमधून ती सरळ पडद्यावर जाणार होती आणि मी ती माझ्या फोनवर आणून वर खड्ड्यात उडी मारली.

संध्याकाळी वहिनीला घेऊन गेलो. दुकानात भिंतीवर ३२ इंची टीव्ही लावलेला, मागून एक एचडीएमआय वायर कायम लोंबत ठेवलेली, गिऱ्हाइकांना टेस्ट करून दाखवायलाच. त्याने केबल नाही, अ‍ॅडॅप्टर दिला, बोटभर लांबीची शेपटी आणि पुढे ॲल्युमिनियमची चपटी पट्टी, तिच्यात तीन भोकं, एचडीएमआय, चार्जिंगचं टाईप सी आणि एक साधा यूएसबी. लावला, एक-दोन-तीन, टीव्हीवर वहिनीचा वॉलपेपर, तिच्या मुलीचा दात पडलेला फोटो, ३२ इंची. वहिनी किंचाळलीच. १,३५० रुपये, आणि वर पाच मीटरची साधी एचडीएमआय वायर ४५०.

केबल नको अ‍ॅडॅप्टर घे हे त्याने का सांगितलं ते घरी गेल्यावर समजलं. एक तर १.८ मीटरची केबल म्हणजे फोन प्रोजेक्टरला गळ्यात बांधल्यासारखा, प्रोजेक्टर खोलीच्या मधे स्टुलावर, गरम हवा फेकतोय आणि तुम्ही तिथेच वाकून उभे. आणि पाच मीटरची टाईप सी टू एचडीएमआय घेतली तर तिचं सगळं वजन फोनच्या त्या नाजूक भोकावर, कोणी पोर पायात अडकून पडलं की भोकासकट फोन गेला. अ‍ॅडॅप्टरमध्ये वजन अ‍ॅडॅप्टरवर येतं आणि फोन तुमच्या शेजारी खुर्चीवर. शिवाय वायर खराब झाली तर साडेचारशेची वायर बदला. आणि मुख्य म्हणजे चार्जिंग, नुसत्या केबलने फोनचं एकुलतं एक भोक अडकून बसतं आणि दोन तासांचं नाटक, पडदा पूर्ण उजेडात, बॅटरी कुठे पुरणार. फक्त यात चार्जर बऱ्यापैकी ताकदीचा लावा, जुना पाच वॉटवाला लावला तर टक्के वाढायच्या ऐवजी उतरतात, मी बघितलंय.

चवथीची रात्र. आरत्या संपायला साडेदहा, आमच्याकडे घुमटावर (आरतीला वाजवतात ते मातीचं वाद्य) हात बसला की कोणी लवकर थांबत नाही. मग पोरांनी भिंतीवर पांढरी चादर लावली, तिला खाली दोन नारळ बांधले फॅनने हलू नये म्हणून. प्रोजेक्टर चालू, वहिनीचा फोन लावला आणि पडद्यावर भलतंच, खाली पट्टी, कोपऱ्यात आयकॉन, कॉम्प्युटरसारखं. काकी म्हणाली हा कुणाचा कॉम्प्युटर? ते सॅमसंगचं डेक्स, वायर लावली की फोन स्वतःला कॉम्प्युटर समजायला लागतो (पूर्वी त्याला वेगळा डॉक लागायचा, २०१८ च्या नोट ९ पासून नुसत्या वायरने होतं). वरून नोटिफिकेशन ओढून त्यात स्क्रीन मिररिंग निवडलं की नेहमीसारखं. मग चित्र आलं ते मधोमध बारीक उभी पट्टी, पपईची फोड कापल्यासारखी, कारण फोन उभा धरलेला. ऑटो रोटेट चालू करून आडवा केला, झालं. जुना क्लासचा प्रोजेक्टर ४:३ चा, म्हणून वरखाली काळे पट्टे राहिले, त्याला इलाज नाही, कोणाचं लक्षही नव्हतं.

आवाज. वायर लावली की आवाज पण एचडीएमआयमधूनच जातो, फोन मुका होतो, आणि तो निघतो प्रोजेक्टरच्या आतल्या एवढ्याशा स्पीकरमधून, बाटलीत तोंड घालून बोलल्यासारखा. प्रोजेक्टरच्या मागे ऑडिओ आउटचं साधं हेडफोनचं भोक होतं, त्यातून वायर काढून भजनाचा स्पीकर लावला. ब्लूटूथ स्पीकर लावू का विचारत होता भाचा, मी हात जोडले.

पंधरा मिनिटं झाली असतील, शत्रूचा वेढा पडलाय, सगळे गप्प, आणि पडद्यावर वरून खाली एक मेसेज सरकत आला, वहिनीच्या बहिणीचा, सासू झोपली का ग. तीन फूट लांब अक्षरात. सासू पहिल्या रांगेत बसलेली. त्यानंतर जे हसू झालं त्यात वेढा उठला म्हणायला हरकत नाही. डू नॉट डिस्टर्ब आधी लावा. हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

मग पाऊस, सत्तरीतला, आणि लायट गेली. इन्व्हर्टरवर पंखे-दिवे होते, प्रोजेक्टर नव्हता. लायट पाच मिनिटांत आली पण प्रोजेक्टर चालू होईना, लाल दिवा लुकलुकतोय. आत दिवा असलेला जुना प्रोजेक्टर असा अचानक बंद पडला की पंखा पण बंद पडतो आणि दिवा गरमच राहतो, थंड झाल्याशिवाय तो परत लागत नाही, आणि असं वारंवार झालं तर दिव्याचं आयुष्य कमी होतं. भावाला हे मी अजून सांगितलेलं नाही. तेवढ्यात फोनवर पाण्याच्या थेंबाचं चिन्ह, चार्जिंगच्या भोकात ओलावा आहे म्हणे, चार्जिंग बंद. कोणीतरी पावसातून आलेल्या ओल्या हातांनी अ‍ॅडॅप्टर काढून बघितला होता. यात फुंकर मारायची नाही, तोंडातली वाफ अजून आत जाते, फोन खाली तोंड करून पंख्यासमोर ठेवायचा. ठेवला. तेवढ्या वेळात नेवऱ्या आल्या, पातोळ्यांचा दुसरा राउंड झाला, आणि इतक्या सगळ्यात कोणी उठून झोपायला गेलं नाही ही मला फार आवडलेली गोष्ट.

सगळं परत सुरू झालं ते पावणेबारा वाजता. काकांचा सीन आला. वायरने गेलेला पिक्चर म्हणजे खरंच वेगळा, ती नऊशेची डबी आठवली की राग येतो, इथे म्यानावरची जरीची वेलबुट्टी पण दिसत होती आणि काकांचे ओठ आणि आवाज एकत्र. काका भिंतीला टेकून बसलेले, तलवार अडकते तिथे हसू येईल म्हणून सगळ्यांनी श्वास धरलेला, आणि तो माणूस चादरीवरच्या स्वतःकडे बघत हळूच म्हणतो, हात बरोबर वर गेला हां. मग म्हणाले परत लाव. चार वेळा लावला. चौथ्यांदा अख्खं घर काकांबरोबर डायलॉग म्हणत होतं, आणि काकांनी बसल्या जागी हातातली काठी वर केली, म्यानासकट.

दुसऱ्या दिवशी भाच्याने त्याच अ‍ॅडॅप्टरवर मॅच पण बघितली, पडदा काळा झाला नाही. मुंबईहून आलेल्या आतेभावाचा आयफोन १३, त्याला हे लागतच नाही, भोक वेगळं. त्याच्या बायकोचा १५, तिचा पहिल्या फटक्यात लागला, मग दोघांत थोडं जुंपलं की पुढचा फोन कोणाला.

मार्क द्यायचे तर अ‍ॅडॅप्टरला दहापैकी साडेआठ. दीड मार्क कापले कारण दोन तास चालल्यावर पट्टी बऱ्यापैकी तापते, हात लावला तर कळतं, चादर-उशीखाली ठेवू नका, आणि शेपटी बोटभर म्हणजे खरंच बोटभर, फोन स्टँडवर लावला तर अ‍ॅडॅप्टर हवेत लोंबतो, आम्ही खाली शेवटी डिंकाच्या लाडवांचा डबा लावला. दुकानाला दहापैकी दहा, केबल न विकल्याबद्दल. जाणार असाल तर फोन बरोबर घेऊन जा, कव्हर काढून, जाड कव्हरमुळे पण शेपटीचं टोक आत पूर्ण बसत नाही आणि मग लोक म्हणतात चालत नाही.

पहिल्या केबल माझ्याकडे अजून दोन आहेत, एक मूळ आणि एक बदलून आलेली. त्यातली एक गावच्या घरी राहिली. नायलॉन मजबूत आहे हे मात्र वर्णनात खरं लिहिलेलं, पाचव्या दिवशी विसर्जनाला माटोळी उतरवताना बघितलं तर कोणीतरी नारळाची पेंड (घड) तिनेच बांधून ठेवली होती, एक नारळ पण खाली आला नव्हता.